हळद म्हणजे धूळ नव्हे

आईला एकच डोळा होता म्हटलं तरी चालेल. लहानपणी माणात, तिच्या माहेरच्या गावी, देवीची साथ आली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. बाकी सगळं, म्हणजे तांदळातले खडे, सुईतला दोरा, आमची तोंडं आणि तोंडावरचा खोटेपणा, ती डाव्या डोळ्यानं बघायची. गाठ आली ती नेमकी त्या डाव्या डोळ्यात.

मोठ्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. मी सांगलीत विश्रामबागेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमचं घर पेठेच्या मागच्या गल्लीत. खाली आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हळद दळायची गिरणी आणि वर माडीवर आम्ही तिघं. गिरणी सुरू झाली की माडीची जमीन पायाखाली थरथरायची, आणि बंद झाली की कान बधिर झाल्यासारखे वाटायचे. गल्लीतली कुत्री पिवळी, गटारातलं पाणी पिवळं, माझ्या वह्यांच्या कडा पिवळ्या. कॉलेजातल्या मुली माझी नखं बघून विचारायच्या, "काय गं, लग्न कधी?" पहिल्यांदा हसू आलं. नंतर मी हात पदराआड ठेवायला शिकले.

आईची वरची पापणी सुजायला लागली तेव्हा सगळ्यांनी रांजणवाडी ठरवून टाकली. शेजारणींनी आपापली औषधं सांगितली, आईनं ती सगळी केली. मग डोळा पुढं यायला लागला. सांगलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून आम्हाला लांबच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहून काय होणार आहे? तिथं पापणीमागचा तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. आमच्या घरात तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. आबा "तो रोग" म्हणायचे, आई "ते" म्हणायची.

तिथले एक डॉक्टर डोळा काढायलाच निघाले होते. दुसऱ्या डोळ्यातलं फूल बघून मोठे डॉक्टर म्हणाले, थांबा, हिला किरणं देऊन बघू. गावाकडं त्याला "लाइट देणं" म्हणतात. काही आठवडे आई आणि आबा तिथल्या धर्मशाळेत राहिले. भुवई झडली, पापण्यांचे केस झडले, कातडी करपल्यासारखी काळी पडली, पण गाठ विरघळली आणि डोळा परत आपल्या जागी गेला. शेवटच्या दिवशी मी आणायला गेले होते. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "वाळलीस गं." तिला मी दिसत होते. मला रडू आवरेना.

त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. माणूस चांगला होता, हे मी आजही म्हणते. ते म्हणाले, "रोग गेला. आता डोळा सांभाळणं तुमच्या हातात आहे. किरणांनी डोळ्यातलं पाणी आटलंय. ओलावा नसलेला डोळा स्वतःला धुऊ शकत नाही. दर दोन तासांनी हे थेंब घाला, झोपताना मलम घालून डोळा झाका. धूळ आणि धूर यांपासून जपा. आणि एक ध्यानात ठेवा, या डोळ्याला आता दुखणं नीट कळणार नाही. म्हणून दुखायची वाट बघू नका. लाल दिसला, पांढरं काही दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोनचार वर्षांत मोतीबिंदू होईल, त्याची भीती नाही, तो काढता येतो. बुबुळाला जखम झाली तर मात्र अवघड आहे."

आबांनी हे सगळं शाळेतल्या पोरासारखं घोकलं. डॉक्टरांनी आईला मुलं किती, साखरेचा आजार आहे का, जेवणात काय असतं, सगळं विचारलं. घरात धंदा कसला, हे मात्र विचारलं नाही. बाहेर बाकावर माणसं रांगेत बसली होती आणि डॉक्टरांना घाई होती. आबांनीही आपणहून सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

घरी आल्यावर आबांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून कायदा सुरू झाला. चूल बंद झाली, रॉकेलचा स्टोव्ह आला, तोही आईनं पेटवायचा नाही. झाडायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं. रस्त्याकडची खिडकी खिळे मारून बंद केली, कारण समोरून बैलगाड्या जायच्या आणि त्यांची धूळ उडायची. मागची खिडकी, जी गिरणीच्या मागल्या बोळात उघडायची, ती हवेसाठी उघडी ठेवली. त्या बोळात गाड्या येत नव्हत्या.

आईला काळा चष्मा आणला, दोन्ही बाजूंनी कातडं लावून झाकलेला. तो घालून ती पहिल्यांदा खाली उतरली तेव्हा शेजारची काकू म्हणाली, "काय वैनी, शिनेमात चाललाय का?" आई म्हणाली, "व्हय, तुमास्नी न्यायला आलीया." सगळ्या हसल्या. आई तोवर अशीच होती, एकाला दोन शब्द परत देणारी.

आबांचं जपणं बघून गल्लीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. थेंब ते स्वतः घालायचे. गिरणीतून दर दोन तासांनी वर यायचे, हात साबणानं धुवायचे, आईची मान मागं करायचे आणि खालची पापणी ओढून थेंब सोडायचे. धुतलेल्या हातांवरून वर बघितलं तर कोपरापासून खांद्यापर्यंत, भुवयांवर, कानाच्या पाळीवर हळद. सदरा झटकला की उन्हात पिवळा ढग दिसायचा. तो ढग आम्ही तिघांनी जन्मभर बघितला होता. त्याला कुणी धूळ म्हटलं असतं तर आबांनी त्याला हाकलून लावलं असतं.

कारण हळद म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणी कुणाला सांगायला लागत नाही. कापलं की हळद, सर्दीला हळद, देवाला हळद, नवरीला हळद. हळद पायाखाली आली तर आई वाकून बोटानं उचलून कपाळाला लावायची. डोळे आले की पांढरं फडकं हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचं आणि त्यानं डोळे पुसायचे, हे तर प्रत्येक घरात. डॉक्टरांनी "स्वच्छ फडकं वापरा" म्हटलं होतं. आबांनी नवं मलमल आणलं, त्याचे चौकोन कापले, ते उकळले, आणि उकळत्या पाण्यात मूठभर हळद टाकली. मग ते चौकोन मागच्या बोळातल्या दोरीवर, गिरणीच्या भिंतीला लागून, वाळत घातले. आमच्या दृष्टीनं त्याहून स्वच्छ फडकं जगात नव्हतं.

दर महिन्याला आई सांगलीतल्या डॉक्टरांकडं तपासायला जायची. तिथं जायचं म्हणजे देवळात जायचं. सकाळी न्हाणं, डोक्यावरून पाणी, इरकली लुगडं, खणाची चोळी. डोळा गार पाण्यानं पुन्हापुन्हा धुतलेला, पापणीच्या कडा कापसानं पुसलेल्या. त्या दिवशी गिरणी बंद, कारण आबा बरोबर जायचे. डॉक्टर दिव्याखाली डोळा बघायचे आणि म्हणायचे, "छान ठेवलाय हो डोळा. बाकीच्यांना तुमचं उदाहरण द्यायला पाहिजे." आबा गल्लीत येईपर्यंत ते वाक्य दहा जणांना सांगायचे. डॉक्टरांना प्रत्येक वेळी धुतलेला डोळाच बघायला मिळाला. बाकीच्या दिवसांचा डोळा त्यांनी कधी पाहिला नाही.

मग माझी आजी आजारी पडली, आईची आई. मामा माणातून आला. दुष्काळानं आधीच माणूस काळा पडलेला, त्यात प्रवासानं डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेला. आबांनी त्याला खालीच थांबवलं, हातपाय धुवायला लावले, धोतर बदलायला लावलं आणि मगच वर येऊ दिलं. मामानं मुकाट्यानं केलं. वर येऊन म्हणाला, "आक्का, आई तुजं नाव घेतीया सारकी. चल."

आई उठलीच. आबा म्हणाले, "बस खाली. जायाचं न्हाई."

"आवं, माजी आई हाय ती."

"हाय की. मी कुटं न्हाई म्हनतोय? पन एस्टी सोडल्यावर पुढं सगळा फुफाटा हाय. डॉक्टरनी काय सांगितलंय? धुळीत जायाचं न्हाई. एक डोळा हाय तुला, तो बी घालवनार हायस का?"

"चश्मा घालते. वरनं वलं फडकं बांदते. कुनाच्या तोंडाकडं बगायची न्हाई, आईचं तोंड बगते आन् येते."

"न्हाई म्हनलं ना."

मी मधे पडले. म्हटलं, आबा, मी बरोबर जाते, वाटेत थेंब घालते. आबा माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "इतकं करून वाचवलाय गं पोरी डोळा. आता मातीत घालू व्हय?" त्यावर मामाच म्हणाला, "दाजी बराबर बोलत्यात आक्का. तू ऱ्हा." आणि भाकरी न खाताच गेला.

चारपाच दिवसांनी आजी गेल्याचा निरोप आला. त्या दिवशी गिरणी चालू होती, हंगाम होता. आई मागच्या खिडकीशी बसली होती. तिच्या उजव्या, आंधळ्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि डाव्यातून एक थेंब नाही. खालून पट्ट्याचा आवाज येत होता. खिडकीच्या चौकटीवर, आईच्या मांडीवर, तिच्या डोक्यावरच्या पदरावर बारीक पिवळं बसत होतं आणि आबा वर येऊन तिला म्हणत होते, "डोळा चोळू नगंस. लय रडू बी नगंस." मी तिथंच उभी होते. आमच्यापैकी कुणाला काही खटकलं नाही. आज ते आठवलं की संताप येतो, आणि तो काढायला समोर कुणी नसतं.

त्यानंतर आई एकाला दोन शब्द परत द्यायची थांबली. कायदा मात्र पाळायची. आबा वर आले की आपणहून मान मागं करायची.

पावसाळा संपला आणि एके दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत असताना मला आरशात तिच्या डोळ्यात काहीतरी दिसलं. पुढं येऊन बघितलं. बुबुळावर साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका.

"आई, दुखतंय का गं?"

"न्हाई. जरा धुकं धुकं दिसतंय कालपास्नं. थंडी पडलीया वाटलं."

दुखायची वाट बघू नका, हे आम्ही विसरलो नव्हतो. मी खाली धावले, आबांनी मोटर बंद केली, आणि आहे तशीच आईला घेऊन आम्ही निघालो. न्हाणं नाही, लुगडं बदललेलं नाही, डोळा धुतलेला नाही. आबा तर नखशिखांत पिवळे.

डॉक्टरांनी डोळा बघितला. वरची पापणी उलटी केली आणि थांबले. पुन्हा दिवा जवळ आणला. कापसाची काडी पापणीच्या आत फिरवली आणि ती आबांसमोर धरली. कापूस पिवळा झाला होता. पापणीच्या घडीत हळद बसलेली होती, ओलाव्याविना तशीच, थराथरानं.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

आबा काडीकडं बघत म्हणाले, "हळद हाय."

"हळद घालता डोळ्यात?"

"न्हाई साहेब. घालत न्हाई. गिरणी हाय न्हवं आमची. खाली."

"खाली म्हणजे? घराच्या खाली?" डॉक्टरांचा आवाज चढला. "आणि तुम्हाला धुळीपासून जपायला सांगितलं होतं ना?"

आबांनी इतक्या भोळेपणानं उत्तर दिलं की मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. "जपतोय की साहेब. तिची आई मेली तरी माणाला जाऊ दिलं न्हाई. धुळीचा कनसुद्धा न्हाई घरात. ही हळद हाय. हळद म्हंजे धूळ न्हवं."

डॉक्टर काडी ताटलीत टाकून म्हणाले, "डोळ्याला काय कळतंय हो, हळद आहे का माती? त्याला दोन्ही सारखंच टोचतं. त्यात याला टोचलेलंही कळत नाही, आणि धुवायला पाणी नाही." आई खुर्चीवर मान मागं करून तशीच बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

मग जे व्हायचं ते झालं. जखमेत बुरशी धरली होती. आईला दवाखान्यात ठेवलं, तासातासाला औषध घातलं. ठिपका पसरत गेला, आणि एके सकाळी बुबुळाला भोक पडलं. कॅन्सरनं सोडलेला डोळा आमच्या हळदीनं घेतला. डोळा काढला तेव्हा आईनं फक्त विचारलं, "दिवस हाय का रात?" त्या उजव्या डोळ्याला एवढं अजून कळत होतं, पण दोन्ही डोळ्यांवरून बांधलेल्या पट्टीखाली तेही कळेना.

घरी आल्यावर नातेवाईक भेटायला यायला लागले. प्रत्येकजण बसला की एक उसासा टाकून म्हणायचा, "नशीब. आबांनी काय कमी केलं का?" एक मावशी म्हणाली, पूर्वजन्मीचं असतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, पूर्वजन्मी मोटर आणि पट्टा होता का? तो खाली चाललाय तो ऐकू येतोय का तुम्हाला?" मावशी जाताना आबांना म्हणाली, पोरीला लय शिकवलंत. मला त्याचं काही वाटलं नाही. माझा राग त्या बाईवर नव्हताच. नशीब म्हटलं की कुणालाच काही बघावं लागत नाही, त्याचा मला संताप यायचा.

खरं सांगायचं तर आबा वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. दारू पिणारा, मारणारा, औषधाला पैसे न देणारा बाप असता तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. हा माणूस दिवसाकाठी सहासात वेळा जिना चढून थेंब घालणारा. त्यानं बायकोला तिच्या आईच्या तोंडाला मुकवलं ते प्रेमानं, आणि तिचा डोळा घालवला तोही प्रेमानं. अशा प्रेमाचं काय करायचं, कुणी मला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी, हंगामाच्या आधी, आबांनी गिरणी हलवायचं ठरवलं. मिरजेच्या रस्त्याला त्यांच्या एका मित्राचं पत्र्याचं शेड होतं. ते आधीपासून रिकामंच होतं, पुढच्या बाजूला कडबा ठेवायचे एवढंच. सकाळी दोन बैलगाड्या आल्या आणि चार हमाल आले. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "बायकोसाठी धंदा हलवला बगा. असा नवरा मिळायला भाग्य लागतं." मी जिन्यातून ते ऐकलं.

हमालांनी पट्टा काढला, बोल्ट सोडवले, मोटर दोरखंडानं बांधून फळीवरून गाडीत सरकवली. पोती गेली, वजनकाटा गेला. शेवटी आबांनी हौदातलं पाणी काढून खालची फरशी धुतली. पिवळं पाणी गटारात गेलं, मग फिकं, मग नुसतं पाणी. आबा वर आले, आंघोळ करून पाटावर बसले. मी ताटं वाढली. आई शेजारी भिंतीला टेकून बसली होती. घरात इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

आईनं विचारलं, "आवं, गेली का गिरणी?"

"गेली."

"सगळी?"

"व्हय, सगळी. मोटरबी गेली तिकडं. उद्या चालू हुईल." आबा घास घेत म्हणाले. त्यांच्या आवाजात काम उरकल्याचं समाधान होतं.

आई जमिनीवर तळवा टेकवून बसली होती, रोजची थरथर शोधत असल्यासारखी. मग म्हणाली, "आजून जेवनवेळबी टळली न्हाई. एवढंच काम हुतं व्हय?"

आबांच्या हातातला घास तसाच राहिला. मला त्यांची दया आली नाही.